रोजच्या दोन चुका

...आणि वर मलाच विचारतात, "तुला एवढी घाई कशाची असते रे?" आता तुम्हीच सांगा, जे काम चाळीस मिनिटांत होतं ते चाळीस मिनिटांत केलं, याला घाई म्हणतात? मग तेच काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून केलं, तर त्याला काय म्हणायचं? आमच्या घरात त्याला अनुभव म्हणतात. सव्वीस वर्षांचा अनुभव.

थांबा, मी मधूनच सुरू केलं. रागावलो की माझं असं होतं.

तर आमचे बाबा. बाबा एका देखभाल कंपनीत आहेत. म्हणजे मोठमोठ्या इमारतींत नळ गळला, दार अडकलं, दिवा गेला, की तिथले लोक तक्रार टाकतात आणि कंपनीचा मिस्त्री जाऊन दुरुस्त करतो. आता या तक्रारी येतात एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मिस्त्र्यांना कामं जातात एका नव्या सॉफ्टवेअरमधून, आणि ही दोन सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलत नाहीत. भावकीत वाद झाल्यासारखी पाठ फिरवून बसलीत. अकरा वर्षांपूर्वी नवं आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, पुढच्या महिन्यात जोडून टाकू दोन्ही, तोवर तात्पुरता एक माणूस मध्ये बसवा. तो तात्पुरता माणूस म्हणजे आमचे तीर्थरूप. डाव्या पडद्यावर जुनं, उजव्या पडद्यावर नवं, मध्ये बाबा. डावीकडे वाचायचं, 'चौथा मजला, नळ गळतो.' उजवीकडे टाईप करायचं, 'चौथा मजला, नळ गळतो.' डावीकडचं उजवीकडे. झालं काम. अकरा वर्षं. त्याआधीची पंधरा वर्षं काय करायचे म्हणता? त्याआधी डावीकडे वही होती आणि उजवीकडे रजिस्टर.

आणि घरात काय ऐकत मोठा झालो मी? "कंपनीची दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत." "मी एक दिवस गेलो नाही ना, तर या शहरातला एक नळ थांबणार नाही." मला लहानपणी वाटायचं बाबा धरणावर असतात.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं विचारू नका, सगळे विचारतात, मामा तर फोन उचलल्या उचलल्या विचारतो. बरं, सांगतो. सर त्यांच्या पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरून आमच्या वहीत उतरवायचो, आणि परीक्षेत वहीतलं पेपरात. मधल्या मध्ये ते कुणाच्या डोक्यातून जावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. डावीकडचं उजवीकडे. चार वर्षं हे केलं की पदवी मिळते. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडे. त्या दिवसापासून चुका काढायच्या सोडल्या तर बाबा माझ्याशी सरळ बोलले नाहीत. आईशी बोलायचे, मला ऐकू येईल असं. "विचार त्याला, पुढे काय ठरवलंय साहेबांनी."

पुढे काय ठरलं ते एका दिव्याने ठरवलं. जिन्यातला दिवा गेला होता. मी स्टुलावर चढलो. बाबा खालून, "तसं नाही. तसं नाही रे. अरे, फिरव आधी. तुला नाही जमायचं, उतर खाली." मी उतरलो. ते चढले. आणि त्यांना जमलं, दिवा लागला, आणि त्या उजेडात आम्ही सगळ्यांनी त्यांना पडताना नीट पाहिलं. उजवं मनगट. प्लॅस्टर. सहा आठवडे.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते. बाबांची रजा उरली होती नऊ दिवस, आणि निवृत्तीला उरले होते पंधरा-सोळा महिने. त्यांचे साहेब म्हणजे मालकांचे जावई, सगळे त्यांना जावईसाहेबच म्हणतात. ते फोनवर म्हणाले, "काका, तब्येत सांभाळा, आमचं काही म्हणणं नाही. पण समजा, सहा आठवडे खुर्ची रिकामी राहिली... आणि काहीच बिघडलं नाही, तर मी मालकांना काय सांगू?" बाबांनी फोन ठेवला तेव्हा प्लॅस्टरपेक्षा चेहरा पांढरा होता. त्यांना मनगटाचं काही नव्हतं हो. त्यांना भीती ही की खरंच काही बिघडणार नाही.

म्हणून मग मी. "घरचाच मुलगा आहे, माझ्या देखरेखीखाली टाईप करील." जावईसाहेबांना काय, एकावर एक फुकट. आई म्हणाली, "जा की. नाहीतरी इथे बसून छतच बघतोस."

पहिला दिवस. आदल्या दिवशीच्या सगळ्या तक्रारी सकाळी नऊला एकदम डावीकडे उतरतात, शंभर-सव्वाशे असतात. मी पहिली वाचली, उजवीकडे टाकली, अर्धं मिनिट लागलं. दुसरीला हात घातला तर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "आधी पूर्ण वाच." वाचली. "आता परत वाच." वाचली. "आता डोळे मिट आणि आठव." अहो, 'दुसरा मजला, दार करकरतं' यात आठवायचं काय? पण नाही. मग टाईप करायचं, मग पुन्हा डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग बोटाने मजला मोजायचा, मग पाठवायचं, मग खुर्चीत मागे टेकायचं. एका तक्रारीला चार मिनिटं. मी शनिवारपर्यंत सहन केलं. शनिवारी संध्याकाळी माझी मान एखाद्या टेबलफॅनसारखी आपोआप डावी-उजवी होत होती आणि आई म्हणाली, "नाही म्हणायचं तर तोंडाने म्हण."

रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले आणि मी बॉट बनवला. घाबरू नका, त्याला हातपाय नसतात. एक प्रोग्राम असतो नुसता. कुठलं उचलायचं, कुठे चिकटवायचं, कुठलं बटण दाबायचं, हे त्याला एकदा करून दाखवलं की तो तेच करत बसतो, न कंटाळता. सोमवारी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर चढवला. (पासवर्ड कुठून आणला? पडद्याखालीच चिठ्ठीवर चिकटवलेला आहे, अकरा वर्षं.) नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू केला. बाण आपोआप फिरतोय, डावीकडची ओळ उजवीकडे जाऊन बसतेय, नळ, दार, दिवा, लिफ्ट, नळ... वीस सेकंदाला एक. बाबा माझ्या शेजारी, हात गळ्यात, तोंड उघडं. पावणेदहाला डावा पडदा रिकामा.

मला वाटलं, आता 'शाब्बास' येईल. तीन वर्षांत पहिल्यांदा. बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग उठून पडदा भिंतीकडे फिरवला. मग हळूच म्हणाले, "परत आण."

"काय?"

"काम. काम परत आण."

"झालं ना पण ते."

"झालं तेच तर म्हणतोय. पावणेदहाला झालं."

तुम्हाला सांगतो, त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. आयुष्याची अकरा वर्षं एका माणसाने मांडून ठेवली होती आणि ती सकाळी पावणेदहाला संपली. मला वाईटबिईट वाटलं नाही. थोडं वाटलं. सोडा ते.

मंगळवारपासून मग काय? बॉट हळू केला. हो, केला. जगात लोक बॉट वेगवान व्हावा म्हणून डोकं फोडतात, मी बसून त्याला चालढकल शिकवत होतो. एका तक्रारीला चार मिनिटं. मध्ये मध्ये कारण नसताना थांबायचं. साडेअकराला चहासाठी सतरा मिनिटं. बाबा शेजारून सूचना देतायत, "जेवणानंतर जरा जडपणा दाखव. तीन ते चार पाच मिनिटं धर एकेकीला." मी म्हटलं, "जांभया टाकू का?" तर गंभीरपणे म्हणाले, "नको, पडद्यावर दिसणार नाहीत."

बरं, एवढ्यावर भागलं? चौथ्या दिवशी तपासणीच्या काकू आल्या. पलीकडच्या टेबलावर बसतात. बाबांनी उजवीकडे टाकलेलं त्या डावीकडच्याशी ताडून बघतात आणि चूक सापडली की लाल पेनने कागदावर लिहून वर पाठवतात. काकू येऊन उभ्या राहिल्या, पदर खोचलेला, हातात कोरे कागद.

"चार दिवस झाले. एक चूक नाही?"

बाबा खाली बघायला लागले. मी म्हटलं, "चांगलंच आहे की, काकू."

"चांगलं? चार दिवस माझा कोरा कागद वर जातोय. कोरा कागद वर गेला की वरचे विचार करायला लागतात, बाळा. घरी माझा नवरा आठ वर्षं विचारच करतोय, इथे अजून कुणी सुरू केलेलं मला परवडायचं नाही." मग बाबांकडे वळून, "भाऊ, आपलं दोनाचं ठरलंय ना?"

दोनाचं ठरलंय! दोन म्हातारी माणसं, समोरासमोर टेबलं, आणि यांचा करार. बाबा रोज दोन चुका करायचे. साध्या, निरुपद्रवी, एखादा मजला, एखादं स्पेलिंग. काकू त्या शोधायच्या. मी विचारलं, "आणि तिसरी सापडली तर?" काकू म्हणाल्या, "तिसरीला वेगळा फॉर्म आहे. मी नाही शोधत तिसरी."

त्या संध्याकाळी मी बॉटला चुका करायला शिकवलं. जो कधी चुकूच शकत नाही, त्याला. रोज दोन. अकरा वाजून वीस मिनिटांनी एक आणि जेवणानंतर दुसरी, दोन्हींत मजला बदलायचा. आणि बाबांना तो आवडायला लागला. आधी "ते तुझं" म्हणायचे, मग "तो" म्हणायला लागले. "तो आज जरा छान थांबला." एकदा तर आईसमोर म्हणाले, "त्याला एकदा सांगितलं की कळतं. उलट बोलत नाही. आणि हातात घेतलेलं अर्धवट सोडत नाही." माझ्याकडे बघितलं नाही हां. आमटी वाढून घेत होते.

सगळं सुरळीत चाललं होतं. पाचव्या आठवड्यात जावईसाहेबांनी सल्लागार आणला.

सल्लागार म्हणजे चकचकीत बूट, पातळ लॅपटॉप, आणि तोंडात एकच शब्द, ऑटोमेशन. सगळ्या कचेरीला गोळा करून म्हणाला, "जे काम पुन्हा पुन्हा तसंच होतं, ते माणसाने का करावं? आम्ही बॉट बसवू." मी मागे उभा. आता सांगा, मी हसू की रडू? गेली पाच वर्षं मी जे ओरडून सांगतोय ते हा माणूस बूट घालून सांगत होता आणि सगळे माना हलवत होते. माझे स्वतःचे बाबासुद्धा. पण त्यांचा डावा हात खुर्चीची पाठ धरून होता.

जावईसाहेब म्हणाले, "सुरुवात काकांपासून करा. एक माणूस, एक काम. सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सल्लागार आमच्यामागे खुर्ची टाकून बसला. हातात घड्याळ. मी बॉट बंद करायला गेलो तर बाबा कानात म्हणाले, "नको. तू केलंस तर माती खाशील. त्याला करू दे." म्हणजे बघा, पोटच्या पोरापेक्षा विश्वास कुणावर! मग मी काय करणार? मी कळफलकावर नुसती बोटं नाचवत बसलो. टाईप करतोय बॉट, अभिनय करतोय मी, देखरेख करतायत बाबा, आणि आमच्या जागी बॉट बसवायचा का ते ठरवायला मागे माणूस बसलाय.

अकरा वीसपर्यंत ठीक चाललं. अकरा वीसला बॉटने आपली ठरलेली चूक केली. डावीकडे 'आठवा मजला, दिवा लागत नाही.' उजवीकडे 'तिसरा मजला.' माझी बोटं हवेत थांबली.

"एक मिनिट," सल्लागार पुढे वाकला. "तिकडे आठवा आहे. तुम्ही तिसरा टाकलात."

मी मेलो. खरं सांगतो, मी मनातल्या मनात बाबांचं सामान बांधायला घेतलं, त्यांचा डबा, चष्म्याची पेटी, पाठीची उशी. आणि बाबा? बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"तुम्ही त्या इमारतीत गेलायत कधी?"

"नाही."

"आठव्याची शिडी तिसऱ्यावर असते. मिस्त्रीला आठवा सांगितला तर तो आठव्यावर जातो, शिडी नाही म्हणून तिसऱ्यावर येतो, शिडी घेऊन परत आठव्यावर जातो. तिसरा सांगितला की शिडीपाशीच पोचतो. तिथला शिपाई सांगतो त्याला पुढचं."

सल्लागार लॅपटॉप उघडून लिहायला लागला. मी तिरक्या नजरेने वाचलं, 'नोंदीत नसलेलं ज्ञान.'

साडेअकराला बॉट चहाला थांबला. बाण जागच्या जागी. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. सल्लागार घड्याळ बघतोय. "आता का थांबलात?"

"निवू देतोय," बाबा म्हणाले.

"काय?"

"तक्रारी. गरम गरम पुढे ढकलल्या की गोंधळ होतो. निम्मे लोक स्वतःच नळ आवळतात आणि तक्रार मागे घेतात. थोडं थांबायचं असतं."

"पण या कालच्या तक्रारी आहेत ना?"

"त्यांच्यासाठी कालच्या. माझ्याकडे आजच आल्यात."

पुन्हा लॅपटॉप. 'विलंब हेतुपुरस्सर.' त्यानंतर तो काकूंकडे गेला, त्यांचे गेल्या दोन आठवड्यांचे कागद चाळले आणि म्हणाला, "रोज बरोबर दोनच चुका? कमी नाही, जास्त नाही? हे कसं शक्य आहे?" काकूंनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षांचा हात आहे त्यांचा. हातात एवढा तोल यायला तुम्हालाही वेळ लागेल."

तीन दिवस बसला तो. तीन दिवस त्याने एका बॉटकडे टक लावून पाहिलं, आणि त्याचा अहवाल काय आला माहितेय? की संपूर्ण कंपनीत कुठेही बॉट बसवता येईल. जावईसाहेबांच्या दोन मदतनिसांच्या जागी येईल, हजेरीच्या खिडकीवर येईल. फक्त एक जागा सोडून. 'येथील काम क्षणोक्षणी मानवी निर्णयावर चालते. ते यंत्राला जमणे अशक्य आहे.' अशक्य! जे यंत्र ते करत होतं त्याच्याकडेच बघत लिहिलं त्याने हे.

बाबा वाचले. तपासायला माणूस उरला म्हणून काकूही वाचल्या. घरी बाबांनी अहवाल मोठ्याने वाचला, आईने दोनदा ऐकला, मामाला फोन गेला. मी म्हटलं चला, सुटलो, सोमवारी प्लॅस्टर निघतंय, मी माझ्या वाटेने मोकळा.

सोमवारी जावईसाहेबांनी मला आत बोलावलं. बाबा आधीच तिथे बसलेले. टेबलावर अहवाल, शेवटचं पान उघडं. शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं. 'सदर कर्मचारी चौदा महिन्यांनी निवृत्त होत असल्याने त्यांचे ज्ञान आत्मसात करण्यासाठी उत्तराधिकारी त्वरित नेमावा. तसेच या जागेवर कोणतेही स्वयंचलित साधन चालणार नाही अशी व्यवस्था करावी.' व्यवस्था सकाळीच झाली होती. नवा कॉम्प्युटर, त्यावर बाहेरचं काही चढत नाही, आणि पडद्याखालची चिठ्ठीसुद्धा काढलेली.

"तू सहा आठवडे बघतोयस काम," जावईसाहेब म्हणाले. "तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कायमची नोकरी देतोय. नाही म्हणालास तरी हरकत नाही, बाहेरचा मुलगा घेऊ, तो काकांच्या शेजारी चौदा महिने बसून शिकेल."

आता बघा माझी गंमत. बाहेरचा मुलगा शेजारी बसला तर त्याला दोन दिवसांत कळणार की शिकायचं काहीच नाही. हुशार असेल तर दीड दिवसात. मग तो जावईसाहेबांना सांगणार, मग बाबा घरी, काकू घरी, काकूंचा नवरा आधीच घरी. आणि मी स्वतः खरं सांगितलं तरी तेच. एवढी दोन म्हातारी तरली होती ती माझ्यामुळे, आणि आता मी हललो की बुडणार. पाच वर्षं मी सगळ्यांना तोंडावर खरं सुनावत आलोय. कॉलेजात सुनावलं, मामाला सुनावलं, बाबांना तर रोज. त्या दिवशी एक वाक्य हवं होतं फक्त, तोंडात होतं, आणि बाबा माझ्याकडे बघत होते. सरळ. तीन वर्षांत पहिल्यांदा, आईच्या मार्फत नाही.

सही केली.

बाहेर आल्यावर बाबांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले. प्लॅस्टरमधून निघालेला हात बारीक झाला होता, बोटं अजून नीट मिटत नव्हती. माझे पाय जमिनीला टेकेनात. मी म्हटलं, "ही खाली नाही का होत?"

"नाही होत," बाबा म्हणाले. "अडकलीये. आली तेव्हापासूनच."

"अकरा वर्षं पाय लोंबकळत ठेवलेत? कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगायचं?"

मला असा राग आला म्हणून सांगू. मी तिथल्या तिथे तक्रार टाकली. आमची कचेरीपण एका इमारतीतच आहे ना, तीही कंपनीच सांभाळते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती बाकीच्यांबरोबर आली, माझ्याच पुढ्यात, माझ्याच डाव्या पडद्यावर. 'दुसरा मजला, खुर्ची खाली होत नाही.' वाचली. शेजारून बाबा म्हणाले, "परत वाच." परत वाचली. मग काय करणार, तुम्हीच सांगा... डावीकडचं उजवीकडे.